नागासाकीतील उपवासाचा शुक्रवार

परदेशाहून परतलेल्या मनुष्यास आप्तेष्ट पहिला प्रश्न विचारतात तो हा, की तेथे खावयास काय मिळाले? जपानच्या क्यूशू बेटावरील नागासाकी बंदरात आम्ही एक दिवस काढला, त्याविषयीही असेच विचारले गेले. उत्तर देताना आम्ही थोडे अडखळलो. कारण हे शहर खवय्यांचे, आणि आमच्या वाट्यास आलेला दिवस उपवासकाळातील शुक्रवार!

सकाळी न्याहारीस पाव आला. वाढणाऱ्या बाईंनी त्यास 'पान' म्हटले, तेव्हा आम्हांस हसू आले. परंतु आपला 'पाव' आणि जपान्यांचा 'पान' हे सख्खे भाऊ होत. दोहोंची आई पोर्तुगीज भाषा. १५७१ पासून पोर्तुगीजांची जहाजे ह्या बंदरात येऊ लागली. व्यापारी आले, धर्मगुरूही आले, आणि त्यांच्या मागोमाग भटारखानाही आला.

ट्रामगाडीने आम्ही औरा येथील देवळाकडे गेलो. फ्रेंच मिशनऱ्यांनी बांधलेले हे देऊळ १८६४ साली पुरे झाले. जपानात ख्रिस्ती धर्मावर १६१४ साली देशभर बंदी आली होती व पुढे अडीचशे वर्षे तेथे ख्रिस्ती उरले नाहीत, असा जगाचा समज होता. १७ मार्च १८६५ रोजी जवळच्या उराकामी गावचे काही शेतकरी ह्या देवळात शिरले. त्यांतील एका बाईने फादर पेतिज्याँ ह्यांच्या कानाशी येऊन सांगितले, की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. ती मूर्ती आजही तेथे आहे. आम्ही तिच्यापुढे गुडघे टेकले.

परंतु त्या कथेतील आम्हांस विशेष वाटणारी गोष्ट पुढेच आहे. त्या मंडळींनी फादरांस सांगितले, की आज आमच्या शोककाळाचा सतरावा दिवस. आपणही तो पाळता काय? वाचकहो, त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्च रोजी होता. मोजून पाहावे! आणि तोही दिवस शुक्रवारच होता. धर्मगुरू नाही, मिस्सा नाही, छापील पंचांग नाही; पकडले गेल्यास छळ ठरलेला. तरीही सात पिढ्यांनी उपवासकाळाची गणना एका दिवसानेही चुकू दिली नाही.

हे मनात घोळत असता आम्ही उतरण उतरलो, तो पायथ्याशीच चांपोनचे प्रसिद्ध उपाहारगृह. चीनच्या फूक्येन प्रांतातून आलेल्या चेन पिंग-शुन ह्या गृहस्थांनी ते १८९९ साली काढले. गरीब चिनी विद्यार्थ्यांस थोड्या पैशांत पोटभर मिळावे म्हणून त्यांनी हा पदार्थ योजिला, असे सांगतात. जाड शेवया, कोबी, मोड आलेली कडधान्ये, कोळंबी, कालवे, आणि हाडांचा दाट रस्सा. वर डुकराचे मांस. वाफेचा वास रस्त्यापर्यंत येत होता. आमच्या सोबत्याने सुचविले, "प्रवाशास सूट असते ना?" खरे सांगतो, क्षणभर आमचेही मन डळमळले. परंतु त्या सतराव्या दिवसाचा हिशेब नुकताच ऐकून आल्यावर पाय आत जाईना.

मग आम्ही तेंपुरा खाल्ला. मासे, कोळंबी, रताळी पिठात बुडवून तळलेली. आपल्या भज्यांचीच जात, मात्र पीठ तलम व हलके. हे नाव चार ऋतूंच्या उपवासदिनांस लॅटिनमध्ये म्हणतात त्या 'तेंपोरा' शब्दावरून आले, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. त्या दिवशी पोर्तुगीज मांस वर्ज्य करून मासळी व भाजी तळून खात. काही अभ्यासकांना हे मान्य नाही. ते मसाला घालण्याच्या पोर्तुगीज शब्दाकडे बोट दाखवितात. कसेही असो, ताट मोठे चविष्ट होते, आणि तेच आम्हांस टोचले. मांस टाळून कोळंबीवर ताव मारल्याने नियम पाळला गेला. पण उपवास झाला काय?

दुपारी कास्तेरा घेण्यास गेलो. अंडी, साखर, मैदा व गोड पिष्टपाक एवढ्यावरच हा केक होतो. लोणी मुळीच नाही. तळाशी जाड साखरेचे दाणे राहतात. नाव आले कास्तील ह्या स्पेनमधील प्रांतावरून. येथील एक दुकान १६२४ पासूनचे आहे, म्हणजे धर्मबंदीनंतर अवघ्या दहा वर्षांनी थाटलेले! १६३९ साली पोर्तुगीजांस हाकलून दिले, क्रूस पायदळी तुडवावयास लावले. त्यांचा केक मात्र ठेवून घेतला. राज्यकर्त्यांची जीभ त्यांच्या मनापेक्षा उदार होती म्हणावयाची.

खोके हाती घेऊन निशिझाका टेकडी चढलो. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी येथे सव्वीस जणांस क्रूसावर भाल्यांनी मारिले. त्यांत आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते. जपानी भाषा उत्तम येत असल्याने ते फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचे दुभाषी होते. १९६२ साली उभारलेल्या स्मारकाच्या रांगेत त्यांची मूर्ती शोधून काढली. वसईच्या किनाऱ्यावर मासळी-भातावर वाढलेला हा मुलगा जपानी अन्नास केव्हा रुळला असेल, असा एक वेडा विचार मनात आला.

सायंकाळी उराकामीस पोहोचलो. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला तेव्हा येथील देवळात दोन धर्मगुरू पापनिवेदन ऐकत होते. त्या धर्मग्रामातील सुमारे बारा हजार श्रद्धावंतांपैकी साडेआठ हजार गेले. देऊळ १९५९ साली पुन्हा उभे राहिले. फुटलेल्या घंटेच्या जागी अमेरिकेतील कॅथलिकांनी दिलेली नवी घंटा ९ ऑगस्ट २०२५ रोजी वाचलेल्या जुन्या घंटेबरोबर वाजली. आम्ही मागील बाकावर बराच वेळ बसून राहिलो.

रात्री भात व मिसोचे सार एवढेच घेतले. सोबत्याने कास्तेराच्या खोक्याची दोरी चाचपून आमच्याकडे पाहिले. आम्ही ते पिशवीत तळाशी ठेविले. ते रविवारी मिस्सानंतर उघडले, आणि तळाच्या साखरेच्या दाण्यांवरून दोघांत थोडी ओढाताणही झाली.