नत्र शिकवायचा तर रानात

डिसेंबरात हरभरा फुलोऱ्यावर येतो. नायट्रोजनचक्र शिकवायला याहून चांगला महिना नाही. शिक्षकांनी एक रोप खुरप्याने मातीसकट अलगद काढावे, मुळे पाण्यात धुवावीत आणि मुळांवरची एक गाठ मुलांना नखाने फोडायला सांगावी. आतून गुलाबी निघाली तर ती कामात आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाही.

हे काम कोणते? हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण आपण तो श्वासाबरोबर घेतो तसाच बाहेर सोडतो. झाडांनाही तो थेट वापरता येत नाही, कारण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात. आकाशात वीज चमकते तेव्हा थोडे अणू सुटतात आणि पावसाबरोबर जमिनीत उतरतात. निसर्गातले बाकीचे बहुतेक काम जिवाणूंचे. हरभरा, तूर, मूग, भुईमूग यांच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर पुरवते. ते हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करून झाडाला देतात. रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये हे प्रयोगशाळेत साधले आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. त्यासाठी चारशे अंशांच्या वर उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. हरभऱ्याची गाठ तेच काम थंडीतल्या मातीत करते! आधी कडधान्य घेतलेल्या रानाचा बेवड चांगला असतो, हे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. त्यामागचे मोठे कारण हेच.

पुढची वाट सरळ आहे. झाडातला नत्र प्रथिने होऊन जनावरांत आणि आपल्या ताटातल्या वरणात येतो. शेण, मूत्र, पालापाचोळा कुजला की त्याचा अमोनिया होतो, दुसरे जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात आणि ते मुळे शोषून घेतात. पाणी साचून मातीतली हवा संपली की आणखी वेगळे जिवाणू नायट्रेटचा पुन्हा वायू करून तो हवेत सोडतात.

या चक्रात आता युरियाची गोणी आली आहे. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे जवळजवळ २१ किलो नत्र असतो. युरिया नको, असे आम्ही म्हणणार नाही. जगाचे पोट आज कारखान्यातल्या नत्रावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. पण अनुदानामुळे तो स्वस्त पडतो, टाकताच पिकावर काळोखी येते, आणि मग हात आवरत नाही. टाकलेल्या नत्रातला पुष्कळसा पिकाला लागतच नाही. काही अमोनिया होऊन उडतो. काहीचा नायट्रस ऑक्साइड होतो, जो तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट भारी आहे. काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतो. कडधान्याला भरमसाट युरिया दिला तर झाड गाठीच कमी धरते, म्हणजे फुकटचा नत्रही जातो. युरिया न टाकलेल्या रानातले आणि युरिया खाल्लेल्या रानातले अशी दोन रोपे शेजारी ठेवली तर मुलांना हे मोजून पाहता येईल. उद्या गोणी किती फोडायच्या हे यांतलीच काही मुले ठरवणार आहेत, म्हणून हा धडा परीक्षेपुरता उरकणे आम्हाला गैर वाटते.

झिरपलेले नायट्रेट शेवटी विहिरीत आणि बोअरमध्ये येते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त झाले तर तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटू शकते. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून शाळेने या धड्याबरोबर गावातल्या पिण्याच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि आलेला आकडा फळ्यावर लिहावा. घरी मुलांनी एवढे जरूर सांगावे, की पाणी उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण उलट वाढते.