यादीत पहिलं नाव कुणाचं?

२०२४ च्या जानेवारीत आमच्या सोलापूरच्या घरात एका एक्सेल शीटवरून भांडण झालं. शीट मी बनवली होती. धाकट्या बहिणीने एमबीबीएसनंतर अमेरिकेत सायकियाट्रीच्या, म्हणजे मानसोपचाराच्या, रेसिडेन्सीसाठी अर्ज केला होता. सात ठिकाणी मुलाखती झाल्या होत्या. आता सातांचा पसंतीक्रम लावायचा होता. मी इंजिनिअर, त्यामुळे रकाने पाडले: युनिव्हर्सिटीचं नाव, शहर, पगार, घरभाडं, व्हिसा, पुढच्या फेलोशिपची शक्यता. प्रत्येकाला गुण दिले, बेरीज केली. एक मोठं, सगळ्यांनी ऐकलेलं नाव पहिलं आलं. अब्बा खूश. बहीण म्हणाली, "भाई, तुझी शीट चुकीची नाही. पण त्यात मी कुठेच नाही."

या वर्षी आपल्यातली जी मुलंमुली ही यादी लावणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं दोन गोष्टींपुरतं आहे. यादी खरी लावा. आणि खरी लावता यावी म्हणून मुलाखतीत योग्य प्रश्न विचारा.

आधी यादीचं गणित. अमेरिकेत रेसिडेन्सीच्या जागा 'मॅच'ने भरतात. उमेदवार प्रोग्रामांचा क्रम लावतो, प्रोग्राम उमेदवारांचा, आणि संगणक जोड्या जुळवतो. ही व्यवस्था १९५२ पासून आहे. तिच्यामागचा विचार डेव्हिड गेल आणि लॉईड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये गणिताने मांडला. नव्वदच्या दशकात ॲल्विन रॉथ यांनी सहकाऱ्यासोबत तिची फेररचना केली. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या कामाचाही वाटा होता.

संगणक तुमच्या पहिल्या पसंतीपासून सुरुवात करतो. तिथे जागा असेल किंवा तिथल्या यादीत तुम्ही आत बसलेल्या एखाद्याच्या वर असाल, तर तुम्हाला तात्पुरती जागा मिळते. नाही तर तो दुसऱ्या नावाकडे जातो. तिथली जागा आधी दुसऱ्या कुणाला दिली गेली असली तरी त्या प्रोग्रामने तुम्हाला त्याच्या वर ठेवलं असेल, तर ती तुम्हाला मिळते. सगळ्यांचं जुळेपर्यंत काहीच पक्कं नसतं. म्हणून पहिल्या नावाकडे नशीब आजमावून पाहिल्याने दुसऱ्या नावावरचा तुमचा हक्क कमी होत नाही.

आपल्याला हे पटायला जड जातं. आपण अकरावीपासून कॅप राऊंडमध्ये वाढलेलो. गेल्या वर्षीचा कट-ऑफ बघायचा, आपल्याला काय झेपेल याचा अंदाज घ्यायचा आणि 'मिळेल ते' वर टाकायचं, ही सवय अंगात मुरलेली. इथे ती सवय नुकसान करते. एखाद्या प्रोग्रामकडून गोड ईमेल आली म्हणून त्याला वर नेऊ नका, आणि कुणी उत्तर दिलं नाही म्हणून खाली ढकलू नका. जिथे जायचंच नाही ते नाव लिहू नका, कारण निकाल बंधनकारक असतो. पण जिथे जाल ते एकही नाव गाळू नका. बाहेरून जाणाऱ्याला मॅच न होणं म्हणजे बहुतेक वेळा एक वर्ष जाणं.

म्हणजे खरी अडचण गणितात नाहीच. आपल्याला काय हवंय हे कळण्यात आहे.

२०२० पासून बहुतेक मुलाखती व्हिडिओवर होतात. तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. बहीण संध्याकाळी साडेसहाला हिजाबवर ब्लेझर चढवून बसायची आणि कधीकधी मध्यरात्रीनंतर उठायची. अम्मी दाराबाहेर कुणाला कुकर लावू द्यायची नाही. मी इन्व्हर्टरवर लक्ष ठेवायचो. मुलाखतीसोबत तिथल्या रेसिडेंट डॉक्टरांशी गप्पांचा एक तास असतो, वरिष्ठांशिवाय. खरी माहिती तिथे मिळते.

बहिणीने सगळीकडे एकच प्रश्न विचारला: तुमच्यापैकी कुणाच्या पेशंटने आत्महत्या केली, तर दुसऱ्या दिवशी काय होतं? मानसोपचारात हे कधी ना कधी बहुतेकांच्या वाट्याला येतं. मोठ्या नावाच्या ठिकाणी क्षणभर शांतता पसरली, मग उत्तर आलं की आमच्याकडे वेलनेस ॲप आहे. दुसरीकडे, सरकारी रुग्णालयाशी जोडलेल्या एका कमी नावाजलेल्या प्रोग्राममध्ये, एका मुलीने स्वतःचा अनुभव सांगितला. त्या सकाळी तिच्या सुपरवायझर आल्या, तिची रात्रीची ड्युटी दुसऱ्याकडे दिली, तिच्यासोबत केस पहिल्यापासून वाचली आणि नातेवाइकांना भेटायला सोबत गेल्या.

मी ॲप बनवूनच पोट भरतो. तरी त्या रात्री मला माझ्या शीटची लाज वाटली.

आणखी प्रश्न विचारता येतात. पहाटे तीनला इमर्जन्सीत शंका आली तर फोन कोण उचलतं? औषधांपलीकडे थेरपी किती शिकवतात, आणि तुम्ही घेतलेलं सेशन कुणी अनुभवी माणूस ऐकून चुका दाखवतो का? इंग्रजी न येणाऱ्या पेशंटसाठी दुभाषा मिळतो, की घरच्या लहान मुलालाच मध्ये बसवतात? गेल्या काही वर्षांत कुणी मध्येच सोडून गेलं का, आणि का? जुम्याला तासभर मोकळं होता येतं का, हेही संकोच न करता रेसिडेंटना विचारा. ही चार वर्षं आहेत. तिथे रोज जगायचं आहे.

नावाला काहीच किंमत नसते, असं मी म्हणत नाही. संशोधन करायचं असेल, मोठ्या फेलोशिपला जायचं असेल, तर नाव दार उघडतं. व्हिसाही साधी बाब नाही. जे-१ वर गेलात तर शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं, किंवा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करून सूट मिळवावी लागते, आणि या मार्गाने एका राज्याला वर्षाला ३० सवलतीच मिळतात. हे रकाने शीटमध्ये हवेतच. फक्त त्यांच्या बेरजेला तुमचा निर्णय समजू नका.

बहिणीला ही शाखा का हवी होती, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आमचे मामू अकरा वर्षं माडीवरच्या खोलीत होते. ताबीज झाले, आमिल झाले, गुरुवारच्या फेऱ्या झाल्या. पाहुणे आले की खोलीचं दार बंद व्हायचं. शेवटी एका डॉक्टरांनी त्यांचं म्हणणं चाळीस मिनिटं ऐकलं आणि स्किझोफ्रेनियाचं औषध सुरू केलं. आज मामू दुकानात गल्ल्यावर बसतात. बहीण तेव्हा नववीत होती. तिला ते ऐकून घेणं शिकायचं होतं. तिच्या यादीचा पहिला रकाना तो होता, आणि मी तो पाडलाच नव्हता.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये सांगितलं की देशातल्या सुमारे १० टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक आजार आहे आणि त्यातल्या बहुसंख्यांना उपचार मिळत नाहीत. आपल्या मोहल्ल्यांत तर उपचाराआधी लाज आडवी येते. शिकायला अमेरिकेत जा, पुण्यात राहा किंवा नागपुरात, ऐकून घेणारे डॉक्टर आपल्यातून घडले पाहिजेत. ते कुठे घडतील, हा प्रश्न ब्रोशरवरच्या इमारतीपेक्षा मोठा आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस बहिणीने यादी भरली. सरकारी रुग्णालयवाला प्रोग्राम पहिला, मोठं नाव चौथं. अब्बा दोन दिवस कमी बोलले. ११ मार्चला रमजानचा चांद दिसला, त्याच संध्याकाळी मॅच झाल्याची ईमेल आली. कुठे, ते १५ तारखेला कळलं, अब्बा तरावीह पढून आले तेव्हा. यादीतलं दुसरं नाव होतं. पहिल्यासाठी प्रयत्न केल्याने दुसरं हातचं गेलं नाही, गणित म्हणतं तसंच.

परवा तिचा फोन आला. एक म्हातारी उर्दूभाषक बाई तीन भेटींत गप्प होत्या, चौथ्या भेटीत बोलल्या. काय बोलल्या ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.