केळापूर की पांढरकवडा?

ऑप्शनला रंग हवा, फॉन्ट हवा, निवडलेल्या तालुक्यावर हिरवी पट्टी हवी. फॉर्म करणाऱ्या आपल्या जमातीचा हा हट्ट मला कळत नाही. साधा सिलेक्ट मोबाइलवर फोनची स्वतःची यादी उघडतो. ओळी बोटाला सापडतील एवढ्या मोठ्या, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना टॉकबॅक वाचून दाखवतो. ही यादी आपल्या सीएसएसला जुमानत नाही, एवढाच तिचा गुन्हा. म्हणून आपण ती फेकतो आणि डिवची नकली यादी बांधतो. ती कधी स्क्रीनबाहेर जाते, कधी कीबोर्डखाली दडते. (वर म्हणायचं, लोकांना फॉर्म भरता येत नाही.) 2025 मध्ये क्रोम 135 ने खरा सिलेक्टच सजवायची सोय दिली. आता तेही निमित्त उरलं नाही.

आणि ऑप्शनमधल्या शब्दांचं काय? यवतमाळ जिल्ह्यात 16 तालुके. एसटीच्या पाटीवर पांढरकवडा, लोकांच्या तोंडी पांढरकवडा, यादीत मात्र केळापूर. यादी इंग्रजी क्रमाने लावली की खुद्द यवतमाळ तळाला, त्याखाली फक्त झरी-जामणी. ‘केळापूर (पांढरकवडा)’ लिहायला एक मिनिट लागतं. पण हिरव्या पट्टीचं तिकीट निघतं, याचं नाही.