बसायला खुर्ची देणारा पंतप्रधान



आमच्या वस्तीतील एक भगिनी बाजारपेठेतल्या कापडाच्या दुकानात कामाला आहे. सकाळी दहाला उभी राहते ती रात्री दुकानाचे शटर पडेपर्यंत. गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही, असा मालकाचा दंडक. घरी आली की पाय गरम पाण्यात सोडून बसते. परवा ती आम्हाला म्हणाली, "दादा, तुम्ही दिवसभर खुर्चीतच असता, म्हणून तुम्हाला खुर्चीची किंमत नाही." आम्ही कारकून माणूस, काय बोलणार? पण तिच्या बोलण्यावरून आम्हाला स्पेन देशाच्या एका पंतप्रधानाची आठवण झाली. दुकानात काम करणाऱ्या बाईला बसायला आसन मिळालेच पाहिजे, असा कायदा त्याच्या कारकिर्दीत १९१२ साली झाला आणि त्याच वर्षी त्याचा भर रस्त्यात खून झाला. त्याचे नाव होसे कानालेखास.

कानालेखास यांचा जन्म ३१ जुलै १८५४ रोजी फेरोल या बंदराच्या गावी झाला. शिक्षण माद्रिदला, कायद्याचे आणि साहित्याचे. विद्यापीठात साहित्याचे प्राध्यापक व्हावे अशी त्यांची इच्छा होती, पण स्पर्धेत ती जागा मेनेंदेथ पेलायो या विद्वानाला मिळाली. प्राध्यापकी हुकली म्हणून हा माणूस खचला नाही. त्याने वकिली केली आणि १८८१ साली तो संसदेत गेला. पुढे बांधकाम, न्याय, अर्थ अशी खाती सांभाळली. १९०२ साली मंत्री असताना कामगारांच्या प्रश्नांसाठी सरकारची स्वतंत्र संस्था असावी अशी योजना त्यांनी मांडली. ती तशीच्या तशी मंजूर झाली नाही, पण त्याच विचारातून १९०३ साली सामाजिक सुधारणांची संस्था उभी राहिली.

फेब्रुवारी १९१० मध्ये राजा तेरावा अल्फोन्सो याच्या काळात कानालेखास पंतप्रधान झाले. तेव्हा देश धगधगत होता. आधीच्याच वर्षी, जुलै १९०९ मध्ये, मोरोक्कोतील लढाईसाठी राखीव सैनिकांना बोलावणे गेले आणि बार्सिलोना शहर पेटले होते. कारण काय? गरिबाचा मुलगा लढाईवर जायचा आणि श्रीमंताचा मुलगा १५०० पेसेटा भरून घरी राहायचा! आम्ही बी.कॉम. झालेली माणसे, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. मजुराची रोजी त्या काळी दोन-तीन पेसेटांच्या आसपास होती. तीन धरली तरी १५०० पेसेटा म्हणजे पाचशे दिवसांची मजुरी, तीही पोटाला काहीच न खाता! म्हणजे रक्त गरिबाचे आणि पावती श्रीमंताची.

१९१२ च्या नव्या कायद्याने ही सुटका बंद झाली आणि लष्करी सेवा सर्वांना लागू झाली. तथापि न्याय पुरता झाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पैसे भरणाऱ्याला सेवेची मुदत कमी करून घेण्याची सवलत राहिलीच. एक हजार पेसेटा भरले तर दहा महिने आणि दोन हजार भरले तर पाच महिने. पण पैसे फेकून घरी बसण्याचा मार्ग मात्र संपला.

दुसरे मोठे काम कराचे. शहराच्या वेशीवर तेल, मांस, दारू, जळण अशा रोजच्या वस्तूंवर कर घेतला जाई. आपल्याकडे मुंबईच्या नाक्यांवर २०१७ पर्यंत जकात होती, त्याच जातीचा हा कर. लखपती आणि मजूर, दोघांच्याही तेलावर तो सारखाच. म्हणून गरीब लोक त्याचा मनस्वी द्वेष करीत. जून १९११ च्या कायद्याने तो रद्द करण्याचे ठरले आणि त्याची जागा भरण्यासाठी घरभाड्यावर नवा कर आला. ज्याचे घर मोठे त्याला जास्त भार, हे त्यामागचे तत्त्व. साहजिकच बड्या लोकांनी आणि खुद्द पंतप्रधानांच्या पक्षातील काहींनीही विरोध केला. आपल्याच पक्षाचा रोष पत्करून गरिबाच्या चुलीचा विचार करणारे पुढारी किती असतात?

कामगारांसाठीही कायदे झाले. डिसेंबर १९१० मध्ये खाणीतील कामाचा दिवस नऊ तासांचा ठरला. २७ फेब्रुवारी १९१२ रोजी खुर्चीचा कायदा आला. दुकानात, कचेरीत काम करणाऱ्या प्रत्येक स्त्रीसाठी मालकाने स्वतंत्र आसन ठेवावे, ते कामाच्याच जागी असावे आणि काम नसताना तिला त्यावर बसता यावे, असे त्यात लिहिले होते. जुलै १९१२ मध्ये कारखान्यांतील स्त्रियांच्या रात्रपाळीला बंदी घालणारा कायदा झाला. त्याचा अंमल पुढे १९१४ मध्ये सुरू झाला.

धर्माच्या बाबतीतही ते धीट होते. स्वतः श्रद्धाळू कॅथलिक, पण चर्चने राज्यकारभारात हात घालू नये असे त्यांचे मत. कॅथलिक नसलेल्यांना आपल्या प्रार्थनास्थळावर बाहेरून खूण वा पाटी लावायलाही पूर्वी मनाई होती. १९१० मध्ये ती उठवली. आपल्या श्रद्धेची पाटी दारावर उघड लावता येणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. त्याच डिसेंबरात नव्या धार्मिक संघांना दोन वर्षे बंदी घालणारा कायदा आला. लोक त्याला 'कुलूप कायदा' म्हणत. पोपच्या दरबाराशी संबंध ताणले गेले, पण ते डगमगले नाहीत.

मग अशा माणसाला मारले कोणी? धर्माभिमान्याने नाही, सावकारानेही नाही. मारणारा होता मानुएल पार्दिन्यास नावाचा एक अराजकवादी तरुण.

येथे दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९११ मध्ये संप पसरले तेव्हा याच सरकारने सैन्य वापरले. नव्यानेच स्थापन झालेल्या कामगार महासंघावर बंदी आली. 'नुमान्सिया' या युद्धनौकेवरील बंडानंतर एका भट्टीवाल्या खलाशाला गोळ्या घातल्या गेल्या. १९१२ च्या शरद ऋतूत रेल्वे कामगार संपावर गेले, तर त्यांना लष्करात भरती केल्याचे हुकूम काढून संप मोडला. आम्ही स्वतः संघटनेत काम करतो. हे वाचून आम्हाला कानालेखास यांचा रागच आला. ज्याने खुर्ची दिली त्यानेच संपाचा हक्क चिरडला. एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेतलेले कामगार विसरत नाही.

पण पिस्तुलाने काय साधले? १२ नोव्हेंबर १९१२ च्या सकाळी पंतप्रधान गृहखात्याच्या इमारतीकडे पायी निघाले होते. माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात सान मार्तिन या पुस्तकांच्या दुकानाच्या खिडकीपाशी ते थबकले. तेथेच पार्दिन्यासने मागून गोळ्या झाडल्या आणि लगेच स्वतःवरही झाडली. कानालेखास अठ्ठावन्न वर्षांचे होते. शेवटच्या क्षणी त्यांची नजर पुस्तकांवर होती, हे वाचून आमचे मन चरकले.

संप मोडला गेला तो गेलाच. खुनाने एकाही रेल्वे कामगाराचा पगार वाढला नाही. उलट लिबरल पक्षात फूट पडली आणि चर्चविषयीचा मोठा कायदा राहूनच गेला. १९२१ मध्ये एदुआर्दो दातो या आणखी एका पंतप्रधानाचा अराजकवाद्यांनी खून केला. १९२३ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि त्याचा मार कामगारांच्याच पाठीवर बसला. अन्यायाशी भांडायचे ते संघटनेने, सभेने, कायद्याने. हा रस्ता लांबचा आहे, पण त्यावरून मिळालेले टिकते.

आता त्या भगिनीकडे वळू. आपल्या देशात केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातील कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. केरळात तो मिळाला कारण दुकानांतील स्त्रियांनी एकत्र येऊन तो मागितला. आम्ही हे तिला सांगितले. ती म्हणाली, "मागायला आम्ही दुकानात सातजणी आहोत, दादा." आम्ही म्हटले, सातजणी पुष्कळ झाल्या. येत्या रविवारी त्या आमच्या घरी बसणार आहेत. शेजारून खुर्च्या मागून आणाव्या लागतील, तेवढ्या आणू.