जीपीएस घड्याळ बसवताय? आधी त्याला खरा पत्ता सांगा



टाइम सर्व्हर बसवून द्यायची कामं घेणाऱ्यांशी आज जरा स्पष्ट बोलतो. जीपीएस टायमिंग रिसीव्हरचं लोकेशन सेट करणं ही फॉर्मॅलिटी नाही. गिऱ्हाईक पैसे देतं ते याच कामाचे.

आपल्या बॅचमधल्या एकाने रिसीव्हर आधी स्वतःच्या वर्कशॉपमध्ये लावून बघितला. छान चालला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकाच्या टेरेसवर बसवला, तर अलार्म! अँटेना बदलला, केबल बदलली, तीन फेऱ्या झाल्या. शेवटी सापडलं काय? मेमरीत वर्कशॉपचंच लोकेशन सेव्ह होतं. नफा गेला तो गेलाच, वर गिऱ्हाईकाच्या मनात शंका राहिली.

असं का होतं? सिग्नलला सॅटेलाइटपासून इथे यायला किती वेळ लागला, हे रिसीव्हर अंतरावरून काढतो. स्वतःची जागा पक्की ठाऊक असेल तर एका सॅटेलाइटवरही वेळ मिळते, नाहीतर चार लागतात. जागाच चुकीची सांगितली तर वेळही चुकणार. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटीमीटर जातो. म्हणजे जागेत 300 मीटरची चूक झाली, तर वेळेत 1 मायक्रोसेकंदापर्यंत फरक. ऑफिसच्या घड्याळाला किंवा सीसीटीव्हीला हे कळणारही नाही. पण मोबाइलच्या टीडीडी टॉवरला सगळी मिळून सूटच 1.5 मायक्रोसेकंदाची असते!

हाताने आकडे भरताना तीन ठिकाणी माणूस हमखास फसतो:

1. अंश-मिनिटांचा घोळ. पुण्याचा अक्षांश साधारण 18 अंश 31 मिनिटं. दशांशात तो 18.52 होतो. तुम्ही 18.31 भरलंत, तर सुमारे 23 किलोमीटर चुकलात.

2. उंची. नकाशातली उंची समुद्रसपाटीपासूनची असते. बरेच रिसीव्हर जीपीएसच्या स्वतःच्या गणिती पृष्ठभागापासूनची उंची मागतात. आपल्याकडे या दोन्हींत 60 मीटरहून जास्त फरक पडतो. मॅन्युअल वाचा.

3. कोणाची जागा? डबा खाली सर्व्हर रूममध्ये असतो, पण लोकेशन भरायचं ते वरच्या अँटेनाचं. केबलमुळे होणारा उशीर वेगळा भरायचा. साध्या कोअॅक्स केबलला तो मीटरमागे साधारण 5 नॅनोसेकंद धरा.

म्हणून माझं मत ठाम आहे: आकडे कुठून तरी कॉपी करू नका. अँटेना कायमच्या जागी, मोकळ्या आकाशाखाली लावा. जुनं लोकेशन पुसा आणि रिसीव्हरला स्वतःचा सर्व्हे करू द्या. ट्रिंबलचा थंडरबोल्ट यासाठी 2000 वेळा जागा मोजून सरासरी काढतो. सेकंदाला एक धरली तरी अर्ध्या तासाच्या वर वेळ जातो. जाऊ दे!

“एवढा वेळ कशाला?” असं गिऱ्हाईक विचारणारच. म्हणून कोटेशनमध्येच वेगळी ओळ टाका: ‘जागेवर सर्व्हे आणि तपासणी’. त्याचे पैसे लावा, लाजू नका. हँडओव्हरच्या वेळी अक्षांश, रेखांश, उंची आणि केबलची लांबी लिहिलेला कागद हातात द्या. उद्या अँटेना कोणी हलवला, तर हाच कागद तुमची बाजू मांडेल.

स्वस्तात काम करणारे गल्लोगल्ली मिळतील. दुसऱ्यांदा बोलावणं मात्र त्यालाच येतं, ज्याच्या पहिल्या कामात परत फेरी मारावी लागली नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत!