पास म्हणण्यातलं शहाणपण

‘द विचर ३’ या व्हिडिओ गेममधल्या ग्वेंट या पत्त्यांच्या खेळाबद्दल एक तक्रार सारखी कानावर येते: हा नशिबाचा खेळ, ज्याची पानं भारी त्याचीच सरशी. तक्रार अगदीच निराधार नाही. सुरुवातीला गेमचा नायक गेराल्ट याच्याकडे नॉर्दर्न रेल्म्स गटाचा किरकोळ गठ्ठा असतो आणि समोरचा एखादा खुशाल हीरो पान टाकतो, ज्याच्यावर ना हवामानाची मात्रा चालते ना कुठल्या खास पानाची. पण त्यावरून सगळा खेळच नशिबाचा ठरवायचा, हे मला मुळीच पटत नाही.

सामना तीन डावांचा, दोन जिंकेल तो विजयी. पानं मात्र सुरुवातीलाच मिळतात, दहा. त्यांतली दोन बदलता येतात. पुढच्या डावासाठी आपोआप नवी पानं येत नाहीत, अपवाद नॉर्दर्न रेल्म्सचा: डाव जिंकला की त्यांना एक पान मिळतं. मग पहिल्या डावात तुम्ही सात पानं ओतलीत आणि समोरच्याने चारांवर पास म्हणत त्या डावात पुढे पानं टाकणं थांबवलं, तर डाव तुमचा; पण पुढे तुमच्या हातात तीन-चार पानं, त्याच्याकडे सहा. असं हरल्यावर नशिबाला बोल कसा लावायचा?

ब्लू स्ट्राइप्स कमांडो हे पान घ्या. एकट्याची ताकद ४. दुसरा आला की दोघेही ८, तिसरा आला की प्रत्येकी १२, एकूण ३६. हे पाहून नवखा खेळाडू हरखतो आणि तिन्ही लगोलग टाकतो. समोरून येतं स्कॉर्च. पटावरचं सर्वांत ताकदवान पान ते जाळतं, आणि बरोबरीची असतील तर सगळीच. एका पानात तीन पानं गेली! तिसरा कमांडो समोरच्याने पास म्हणेपर्यंत हातात ठेवला असता, तर उत्तर द्यायला कोणीच नव्हतं.

हेरांच्या पानांबद्दलही असाच गैरसमज. ‘शत्रूला आपल्या हाताने बळ का द्यायचं?’ असं विचारतात. निल्फगार्डचा स्टेफान स्केलन समोरच्याच्या पदरात ९ टाकतो, हे खरं. पण बदल्यात तुम्हाला दोन पानं मिळतात. जो डाव सोडायचाच आहे, त्यात ते ९ त्याला खुशाल घेऊ द्या. शत्रूचा हेर तुमच्या बाजूला आला, तर डिकॉय हे पान टाकून तो उचला आणि त्याच्याच अंगणात परत धाडा. दोन पानं पुन्हा तुमची.

राहिला गठ्ठा. पानं जमवण्याचा नाद लागला की मिळेल ते आत कोंबायची सवय जडते. सैनिकांची किमान संख्या २२ आहे, तिथेच थांबा. खास पानंही मोजकीच ठेवा. ४० पानांच्या गठ्ठ्यात हवं ते पान पहिल्या दहांत येण्याची शक्यता चारात एक. २४ पानांत तीच पाचात दोनहून जास्त. ज्यांना कुणाची जोड मिळत नाही असे एक-दोन ताकदीचे सैनिक आजच बाहेर काढा.