नवा टायर, पण बनला कधी?

राजूर-वणी पट्ट्यात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. त्यात समृद्धी महामार्गावर ताशी 120 ची मर्यादा. त्यामुळे टायरचं वय बघायलाच हवं.

टायरच्या बाजूवर चार आकडे शोधा. 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. दुकानदार 'माल नवाच आहे' म्हणाला, तरी मी मोबाईलचा टॉर्च लावून बघतोच.

रबर बिघडतं ते ऑक्सिजन, उष्णता आणि उन्हानं. सावलीत, थंड जागी वर्षभर पडलेला टायर मला चालतो. तापलेल्या पत्र्याच्या शेडमधला तीन वर्षांचा मात्र डिस्काउंटमध्येही नको. मिशलिन 10 वर्षांची कमाल मर्यादा सांगते ती बनल्याच्या तारखेपासून, बिलाच्या नाही. डिक्कीतली स्टेपनीही त्यातच आली.